करंजीतली तिजोरी

अचलपूरहून दर्यापूरकडे निघालात की उजव्या हाताला माळझिरा लागते. ड्रायव्हरने गाडी थांबवली तर. एकशेवीस घरांचे गाव आहे आणि कापूस-तूर पेरली तरी सगळी घरे भाजीवर जगतात. मेथी, पालक, वांगी आणि सांबार. या सांबाराला पुण्याकडचे लोक कोथिंबीर म्हणतात आणि दहा रुपयांत चार काड्या घेऊन खुशीत घरी जातात.

आमच्या मे महिन्याबद्दल मी तोंड उघडले की लोक म्हणतात, नत्थुजी थापा मारून राहिला. ठीक आहे, म्हणोत. पण सकाळी खुडलेली मेथी दर्यापूरच्या बाजारात उतरेपर्यंत तिची भाजी झालेली असते, फक्त फोडणी बाकी, हे मी या डोळ्यांनी पाहिले आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतणसुनेने, शकुनने, जीपच्या टपावर वांग्यांचे पोते बांधले. बाजारात सोडले तर आत भरीत. पहिल्याच गिऱ्हाइकाने वास घेतला आणि विचारले, "बाई, कांदा टाकाचा राहिला काय?"

ती शकुन आता आमची सरपंच आहे. भरीत विकून आली त्या दिवशी तिने ठरवले की उन्हाचा बंदोबस्त करायचा. उन्हाचा बंदोबस्त आजवर कोणत्या राजाला जमलेला नाही, पण शकुनला हे कोणी सांगितले नव्हते.

यंदा मार्चमध्ये सरकारचा अर्थसंकल्प आला. गावात तो अथपासून इतिपर्यंत दोघांनीच ऐकला. एक आमचा ग्रामसेवक धर्मपाल, कारण तो त्याच्या नोकरीचा भाग. दुसरी शकुन. स्थैर्य, विकासदर, वित्तीय तूट असले शब्द मोबाइलमधून धो-धो वाहत होते आणि ती पालक निवडत बसली होती. मधेच तिचा हात थांबला. भाजी पिकवणाऱ्या लहान गावांना उन्हावर चालणारे शीतगृह. नव्वद टक्के पैसे सरकारचे, दहा टक्के गावाची लोकवर्गणी. पैसे भरायची मुदत एकतीस मे. योजना एकाच वर्षाची.

म्हणजे ज्या उन्हाने आमची मेथी मारली त्याच उन्हाकडून तिला वारा घालून घ्यायचा. मला तर ही कल्पना माझ्याच डोक्यातून कोणी चोरली असावी असे वाटले.

खोली सहा लाखांची. गावाचा वाटा साठ हजार, घरटी पाचशे. शकुनने एप्रिलच्या ग्रामसभेत उभे राहून सांगितले की एकतीस मेपर्यंत साठ हजार भरले नाहीत तर एक जूनला माझा राजीनामा घ्या आणि ज्याला उन्हात भरीत विकायचे असेल त्याला सरपंच करा. बाई बोलली तशी वागते, हे गावाला ठाऊक होते. एप्रिल संपता संपता बावीस हजार जमले. गाडी अशी उताराला लागली होती की ब्रेक कोणी लावेल असे वाटत नव्हते.

ब्रेक मी लावला. आता ते कसे, हे सांगायला आमच्या गावची रीत सांगावी लागेल.

भेंडवळची घटमांडणी पेपरात येते, टीव्हीवर येते. आमची येत नाही, पण मांडणी आम्हीही करतो. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात शेषराव एक गोल आखतो, कडेने अठरा धान्ये मांडतो आणि मधे पाण्याने भरलेली घागर ठेवतो. घागरीवर पुरी, म्हणजे पृथ्वी. बाजूला विडा, म्हणजे राजा. आणि करंजी, म्हणजे सरकारची तिजोरी. रात्री तिकडे कोणी फिरकायचे नाही. दिवस उगवला की शेषराव जाऊन पाहतो, काय सरकले, काय विस्कटले, आणि त्यावरून वर्ष सांगतो. तुरीचे दाणे पांगले तर तूर कमी पेरायची. करंजीचा कोपरा तुटला तर महागाई. करंजीला मुंग्या लागल्या तर सरकारच्या डोक्यावर कर्ज. शेषरावाच्या घरात हे सात पिढ्यांचे आहे. माणूस इतका गंभीर की त्याच्या लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरही रडवेला दिसतो.

करंजी दरवर्षी सरपंचाच्या घरून जाते. यंदा शकुनने केली. खोबरे, खसखस, वेलदोडा आणि पिठीसाखर. मी हे सगळे इतके नेमके सांगू शकतो, कारण ती मी खाल्ली.

माझी बाजू ऐकून घ्या. आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरने माझ्या रक्तात साखर सांगितली आणि त्या दिवसापासून आमच्या दुर्गाबाईने साखरेच्या डब्याला कुलूप घातले. किल्ली तिच्या मंगळसूत्रात. अक्षय तृतीयेला साऱ्या गावात पुरणपोळी आणि माझ्या ताटात ज्वारीची भाकर, तीही माझ्याकडे रागाने पाहणारी. दुसऱ्या दिवशी पहाटे लाईन आली म्हणून मी विहिरीवरची मोटर सुरू करायला निघालो. पायवाट मांडणीच्या शेतावरून जाते, पायवाट मी आखलेली नाही. वारा समोरून होता. वेलदोड्याचा वास आला तसे माझे पाय मला न विचारता वळले. मी बसलो. करंजीने माझ्याकडे पाहिले. ती जागची हलली असती तर मी देवाला हात जोडून उठून गेलो असतो. पण ती हलली नाही. तीन घासांत सरकारची तिजोरी संपली, आणि खरे सांगतो, चौथ्या घासापुरती असती तरी चालले असते.

वाटले, शेषराव म्हणेल, उंदराने नेली. वर्ष थोडे तंगीचे सांगेल, दुसरे काय.

दिवस उगवला. सारे गाव शेताच्या बांधावर. मीही होतो, मिशा धुऊन. शेषरावाने धान्ये पाहिली, चांगली होती. विडा पाहिला, जागच्या जागी. मग त्याने मध्यावर पाहिले आणि बराच वेळ पाहत राहिला. वाकून मातीत बोट फिरवले. एक कण नव्हता. मी काही सांडून खाणारा माणूस नाही.

तो उठला आणि म्हणाला, "तिजोरी खाली. कोपरा नाही, कण नाही. सात पिढ्यांत असं झालं नाही."

एवढेच बोलला. पण शेषरावाने एवढेच बोलणे म्हणजे दुसऱ्याने भोंगा लावून गावभर फिरणे.

दुपारपासून काय काय झाले ते ऐकाल तर पुन्हा थापा म्हणाल. लोकांनी बँकेतून पैसे काढायला अचलपूरची वाट धरली. किराणा दुकानदार उधारी देत नव्हताच, तो आता रोखीनेही माल देईना, म्हणे नोटेचा काय भरवसा. एका घरी ठरलेला साखरपुडा पुढे ढकलला. शेजारच्या कोंबड्या तीन दिवस अंड्यांवर बसून राहिल्या, बाजार सावरल्याशिवाय बाहेर काढायची नाहीत या हिशेबाने.

आणि लोक शकुनच्या दारात आले. त्यांचे गणित सरळ होते. सरकारची तिजोरी खाली, तर नव्वद टक्के येणार कुठून? आणि नव्वद येणार नाहीत तर आपले दहा उन्हात काहून टाकायचे? सोळा घरांनी पाचशे परत मागितले. शकुनने मोजून दिले. बावीसचे चौदा हजार झाले.

धर्मपाल भला माणूस. त्याने शासनाचा कागद छापून आणला, तरतूद कुठल्या पानावर आहे ते खूण करून दाखवले, दोन दिवस घरोघर फिरला. लोकांनी त्याला चहा पाजला, कागद दोन्ही बाजूंनी पाहिला आणि सांगितले, "साहेब, कागदावर आहे. मांडणीत नाही ना."

तो माझ्या ओसरीवर येऊन बसला तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. म्हणाला, विधिमंडळाने मंजूर केलेला अर्थसंकल्प एका करंजीने पाडला, हे मी वरती कोणत्या नमुन्यात कळवू. मी म्हणालो, बाप्पा, दिवसच वाईट आहेत. आणि दुर्गाबाई आत होती म्हणून विषय बदलला.

मेचा तिसरा आठवडा लागला. एका सकाळी शकुन आली. नेहमी येते तशी भरभर नाही, दमाने आली आणि पायरीवर बसली. भाजी विकून आली होती. टोपलीत अर्धी मेथी तशीच, काळी पडलेली. तिने टोपली बाजूला सारली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे, म्हणजे चुलतसासऱ्याकडे, काही मागितले.

"मामाजी, तुमी उभ्या जन्मात खोटं बोलत आले. एक डाव माह्यासाठी बोला. लोकाईचं मन फिरन असं काही सांगा. खुर्ची गेली तं गेली, मले तिचं काही नाही. पण ही खोली या सालात नाही झाली तं मंग होत नाही."

असा मान मला कोणी दिला नव्हता. मी छाती काढून पारावर गेलो आणि थाप रचली. म्हटले, मी त्या पहाटे मोटर लावायला निघालो होतो. साऱ्या जगाच्या मैना असतात त्यांच्या चौपट मोठी मैना आकाशातून उतरली. चोच सोन्याची. तिने करंजी अलगद उचलली, एक कण सांडू दिला नाही, आणि पश्चिमेला उडाली, सरळ मुंबईच्या दिशेने. म्हणजे तिजोरी गेली नाही, आपल्या जागी पोचली. मैनेच्या पंखांचा रंग, तिने जाताना मला घातलेला डोळा, बडनेरा स्टेशनवर घेतलेली विश्रांती, सगळे सांगितले. माझी आजवरची उत्तम थाप होती ती. लोक पोट धरून हसले, दोघांनी पुन्हा सांगायला लावली, एकाने मोबाइलवर उतरवून घेतली.

पाच पैसे कोणी काढले नाहीत.

त्या दिवशी मला समजले की माझ्या थापा गावाला मेथीच्या जुडीवर फुकट घातलेल्या सांबारासारख्या आहेत. आवडतात, पण त्यांचा भाव कोणी धरत नाही. शकुन पाराच्या मागे उभी राहून ऐकत होती. ती हसली नाही. "झालं तं," म्हणाली आणि गेली.

अठ्ठावीस तारखेला तिने समाजमंदिरात ग्रामसभा घेतली. सकाळी दहालाच पत्रा तापून कडकड वाजत होता. शकुनने काही भाषण केले नाही. चौदा हजार जमलेत, सेहेचाळीस कमी आहेत, तीन दिवस आहेत, एवढे सांगितले आणि विचारले, कोणाला द्यायचे आहेत काय. सगळे आपापल्या पायाकडे पाहत बसले. तेव्हा तिने धर्मपालकडून कोरा कागद मागितला. कशासाठी ते विचारावे लागले नाही. तिने अर्जाचा मायना लिहायला घेतला.

मी पुष्कळ गोष्टी केल्या आहेत. पण बाई पेन उघडून बसली आणि मी चूप बसलो, असे मला करवले नसते. उठलो.

म्हणालो, "ते थांबव, सूनबाई. करंजी म्या खाल्ली."

सभा हसली. अशी हसली की पत्र्यावरची कबुतरे उडाली. मैनेच्या थापेला इतके हसले नव्हते. मी म्हणालो, खरेच खाल्ली, खोबरे होते, खसखस होती. ते आणखी हसले. एकजण ओरडला, "नत्थुजी, मैनेनं अर्धी तुमाले देली काय?" मी आईची शपथ घेतली. माझी आई मरून चाळीस वर्षे झाली, शपथेचा तिला आता काय त्रास होणार, असे कोणी म्हणाले. बासष्ट वर्षे मी या गावाला खोटे खाऊ घातले आणि त्यांनी ते पचवले. खऱ्याचा पहिला घास मात्र त्यांच्या गळ्याखाली उतरेना.

हसला नाही तो शेषराव. तो माझ्याकडे पाहत होता. आणि हसली नाही आमच्या आरोग्य उपकेंद्रातली सिस्टर, आरती. ती मागे भिंतीला टेकून उभी होती. पोरगी कमी बोलते. तिने हात वर केला आणि म्हणाली की मांडणी वाचली त्या सकाळी उपकेंद्रात साखरेची तपासणी होती.

"नत्थुजीची साखर उपाशीपोटी चारशे बारा निघाली. मले वाटलं मशीन बिघडली. दुसरी मशीन काढली, तिच्यातही तेवढीच."

सभेचे हसू असे थांबले, जशी लाईन गेल्यावर मोटर थांबते. सगळ्यांच्या माना दुर्गाबाईकडे वळल्या.

दुर्गाबाई उठली. महिनाभर तिने शेजारच्या घराशी बोलणे सोडले होते, कारण तिच्या मते मला पुरणपोळी तिकडून मिळाली. आता ती शेजारणीकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती. म्हणाली, "माह्या घरात त्या दिवशी साखरेले कुलूप होतं." आणि बसली. पुढचे घरी बोलायचे आहे, हे त्या बसण्यात होते.

मग जो गोंधळ झाला तो शेषरावाने उठून थांबवला. मांडणी बाटवली, असे कोणी म्हणाले. रद्द करा, असे दुसरा म्हणाला. पण रद्द म्हणताच उठलेली माणसे पुन्हा खाली बसली, कारण मांडणीत कापूस चांगला निघाला होता, तूरही, आणि अर्ध्या गावाने त्या हिशेबाने बियाणे आणून ठेवले होते. तिजोरी रद्द तर कापूसही रद्द. असे अर्धे रद्द कोणत्या शास्त्रात बसते?

शेषराव पुढे आला. माझ्यासमोर उभा राहिला. आम्ही एका वर्गात होतो, चौथीपर्यंत. त्याने मला विचारले, "नत्थ्या, पूर्ण खाल्ली?"

"पूर्ण."

"कोणाले देली नाही?"

"कायले देतो."

"गावाबाहेर गेली नाही?"

"नाही. इथंच आहे," मी पोटावर हात ठेवला.

शेषराव वळला. शेतात उभा राहतो तसाच उभा राहिला, डोळे थोडे मिटून. तो पत्रा तेवढा वाजत होता.

"म्या वाचलं ते चुकलं होतं," तो म्हणाला. सात पिढ्यांत हे वाक्य त्या घरातून निघाले नव्हते. "म्या पाहिलं, करंजी नाही. कुठं गेली हे पाहिलं नाही. उंदरानं नेली असती तं बिळात गेली असती. मुंग्याईनं नेली असती तं कणाकणानं वाटली असती. ही माळझिऱ्याच्या माणसानं खाल्ली. तिजोरी खाली झाली नाही, तिजोरी गावात आली. यंदा सरकारचा पैसा पुरा येईन, एकरकमी येईन, आन् गावातच राहीन."

मग शकुनच्या मागच्या रांगेतून एक पाचशेची नोट पुढे सरकली. तिच्यामागून दुसरी. ज्या सोळा घरांनी पैसे परत नेले होते ती सर्वांत आधी उठली, कारण एकरकमी पैसा येणार तर आपले नाव यादीत खाली नको. किराणा दुकानदाराने सभेतूनच घरी फोन लावला. पोट्ट्यांनी मोबाइलवरून पैसे पाठवले आणि धर्मपालचा फोन टुणटुण करून तापला. त्याने आरतीला बाजूला घेऊन माझ्या साखरेच्या नोंदीची एक नक्कल मागितली. म्हणाला, वीस वर्षे नोकरी केली, निधी खर्च झाल्याचे इतके पक्के उपयोगिता प्रमाणपत्र अजून पाहिले नाही.

शकुनने अर्धवट लिहिलेला राजीनामा दुमडून त्याच्या पाठीवर नावे लिहायला घेतली होती. दीड तास ती मान वर न करता लिहीत होती. शेवटी तिने नोटा मोजल्या, फोनवरचे मिळवले, पुन्हा मोजल्या. एकोणसाठ हजार पाचशे.

"एक घर राह्यलं," ती म्हणाली आणि यादी वरून खाली वाचू लागली. वाचता वाचता थांबली आणि मान वर करून माझ्याकडे पाहिले. तीनशे लोकांनीही पाहिले.

आता त्या गडबडीत एप्रिलमध्ये माझे द्यायचे राहून गेले होते, यात नवल काय. मी खिशात हात घातला. खिशात मोटरच्या स्टार्टरचा फ्यूज होता. मी म्हणालो, घरी जाऊन आणतो. कोणी हो म्हणाले नाही.

दुर्गाबाई पुन्हा उठली. कमरेचा बटवा सोडला, त्यातून पाचशेची नोट काढली, सरळ केली आणि शकुनच्या हातात ठेवली.

"पावती माह्या नावानं फाड," ती म्हणाली. "यायच्या पोटात गेलेलं काही परत निघत नाही."

धर्मपालने पावती फाडली. एकशेविसावी. सौ. दुर्गाबाई. शकुनने साठ हजार पिशवीत घातले, पिशवी छातीशी धरली आणि जायला निघाली. माझ्याजवळून जाताना थांबली. वाटले, आता दोन गोड शब्द बोलेल. तिने माझ्या मिशीकडे पाहिले आणि विचारले, "मामाजी, वेलदोडा जास्त तं नव्हता झाला?"

"नाही," मी म्हणालो. "बरोबर होता."

एकची गाडी ड्रायव्हरने त्या दिवशी न सांगता थांबवली आणि शकुन अचलपूरला पैसे भरायला गेली.

आता दिवाळी झाली. समाजमंदिराच्या बाजूला खोली उभी आहे, पत्र्यावर काळ्या काचा, आत पहाटेसारखे गार. नियमाप्रमाणे वर्गणीची पावती ज्याच्या नावाची, कप्पा त्याचा. माझ्या नावाची पावती नाही. मला एक मुळा जरी ठेवायचा झाला तरी दुर्गाबाईच्या सहीची चिठ्ठी लागते, आणि ती सही करण्याआधी माझे तोंड उघडून पाहते.